एकच टिक

निवेदन न वाचताच मंत्र्यांनी ते मागच्या सहायकाच्या हाती सरकवलं. “इंटरनेटचंच ना? होऊन जाईल, ताई.”

गेल्या उद्योग परिषदेतही ते हेच म्हणाले होते. पुष्पलता हसली. “साहेब, गावी आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाई आहेत. त्यांना तुमच्या फोनवरून शुभेच्छा पाठवा की!”

शुभेच्छा म्हटल्यावर मंत्री खुलले. तिने सांगितलेल्या नंबरवर त्यांनी झोकात निरोप बोलून पाठवला आणि व्यासपीठावर जाऊन बसले.

भाषणं सुरू झाली. मंत्र्यांचं लक्ष मात्र मांडीवरच्या मोबाइलकडे. आपलं बोलणं कोणी ऐकत नाही, याची त्यांना सवयच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच तिच्याकडे आले. “अहो, अजून एकच टिक?”

“पोचेल, साहेब. संध्याकाळी बायका रेंजसाठी मोबाइल घेऊन गावामागच्या उंच सड्यावर चढतात, तेव्हा पोचेल. आमच्या कोकमाच्या ऑर्डरीही तिथेच येतात. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं.”

मंत्री या वेळी ‘होऊन जाईल’ म्हणाले नाहीत. त्यांनी मागे हात केला. “ते निवेदन द्या इकडे.”

सहायक खिसे चाचपू लागला. पुष्पलताने पर्समधून दुसरी प्रत काढली.