दाराबाहेरची पिशवी

कंडक्टरबाईंनी दार उघडलं, तर पायपुसण्यावर किराण्याची पिशवी नव्हती.

"अहो, सामान आत घेतलंत का?"

स्वयंपाकघरात आजोबा केकसाठी अंडी फेटत होते. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. तेवढ्यात समोरच्या शेजारीणबाई दारात आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "पोरं मघाशीच घेऊन गेली हो. तुम्हीसुद्धा एवढी भरून दिलीत, फार बरं केलंत."

बाईंच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. वस्तीतल्या गरजू घरांसाठी तरुण मंडळाची पोरं धान्य, तेला-तुपाचे डबे गोळा करणार होती. रविवारी पिशवी दाराबाहेर ठेवा, आम्ही उचलतो, असं आठवडाभर घरोघरी सांगत फिरत होती. नेमकी त्याच वेळी दुकानदाराच्या माणसानं यांची पिशवी दाराशी ठेवली. पोरांचा उत्साह असा की पायपुसणं राहिलं हेच नशीब.

मैदा-साखर शेजारूनही मागता आली असती. पण त्या पिशवीत रंगीत मेणबत्त्यांचं पाकीट होतं. संध्याकाळी नातू येणार होता, वाढदिवसाला. केक कसला आहे याची त्यानं फोनवर चौकशीसुद्धा केली नव्हती. "आजी, फुंकायच्या मेणबत्त्या आणल्यास ना?" एवढंच पुन्हापुन्हा. आजीनं तोंडभरून हो म्हटलं होतं. आणि रविवारचं दुकान आता बंद झालेलं. बाईंनी पायात चपला सरकवल्या.

मंडळाच्या सभागृहात नुसती धांदल उडाली होती. पिशव्या केव्हाच रिकाम्या होऊन घड्या घालून ठेवलेल्या. एका टेबलावर पिठं, दुसऱ्यावर साखर-मीठ, तिसऱ्यावर डबेच डबे. टेबलांच्या कडेनं सामान घ्यायला आलेल्यांची रांग सरकत होती. पोरं एकमेकांच्या पायात येत होती आणि एकमेकांनाच "बाजूला हो" म्हणत होती. बाईंनी दारातून डोकावलं, तोच दोन वेण्यांच्या एका मुलीनं त्यांचा हात धरला.

"या आजी, रांग इथून आहे."

"मी रांगेतली नाही गं. माझं सामान घ्यायला आलेय."

"हो आजी, तुमचंच आहे सगळं. अजिबात लाजू नका." मुलगी हे इतक्या मायेनं म्हणाली की बाईंना पुढे बोलवेना. जन्मभर बसमध्ये लोकांना पुढे सरकवणाऱ्या बाई स्वतः मुकाट्यानं पुढे सरकल्या. हातात मैदा पडला. साखर पडली. मग मात्र त्यांना हसू आवरेना आणि त्यांनी सगळा प्रकार सांगून टाकला.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आजी, आम्ही तुमच्या दारातून चोरी केली?"

"चोरी कसली? जोरात आलात, एवढंच. मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ते सांग."

"शेवटच्या टेबलावर. जे कुठेच बसत नाही ते सगळं तिथे ठेवलंय. चला, मी देते."

शेवटच्या टेबलाशी एक बाई उभी होती, आणि तिचं बोट धरून एक चिमुरडी. चिमुरडीच्या दुसऱ्या हातात तेच पाकीट होतं.

"ठेव ते," आई हळू आवाजात म्हणाली. "खायचं आहे का ते?"

"पण आई, मागच्या वाढदिवसाला तू पावावर काडेपेटीतली काडी लावलीस ना, ती गाणं संपायच्या आतच विझली. मला फुंकायलाच मिळालं नाही." तक्रार नव्हती तिची. झालं ते सांगत होती. आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती पाकीट काढून घ्यायला वाकली.

"अगं, ते या आजींचं..." वेण्यावाली बोलू लागली, आणि तिथंच थांबली. कंडक्टरबाईंनी तिच्या पायावर पाय दिला होता.

नातवाचा आवाज बाईंच्या कानात होता. पण गळ्यातून निघाला तो जुना, भरल्या बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज.

"पाकीट घेतलंत ना? मग चला, पुढे सरका. मागे माणसं खोळंबलीत."

चिमुरडीनं पाकीट छातीशी धरलं आणि सरकली नाही, पळालीच. तिची आई दारातून वळून हसली. वेण्यावाली एका पायावर उभी राहून बाईंकडे बघत राहिली.

"आजी, आता तुमच्या नातवाचं काय?"

"बघते," म्हणत बाईंनी घरी फोन लावला. "अहो, अंडी झाली का फेटून? मैदा, साखर घेऊन येतेय. मेणबत्त्या काही नाही मिळाल्या."

"काय सांगतेस? आल्या आल्या तेच विचारेल तो."

"वीज गेल्यावर लावतो ती जाडी मेणबत्ती आहे ना कपाटात? ती काढून ठेवा. केकवर तीच लावू."

"केकवर? खांब दिसेल तो. आणि ती एकदा पेटली की तासन् तास चालते, माहितीये ना?"

"चालू दे की," बाई म्हणाल्या. "गाणं सावकाश म्हणू."