सातवं मशीन

टेबलावर सात लॅपटॉप होते. सहा चालू, सातव्याची स्क्रीन फुटलेली. सगळी जुनी मशीनं, दुरुस्त करून विकायला ठेवलेली. पूर्ण चार्ज केल्यावर बॅटरी किती टिकते ते स्वतः मोजून मालकिणीनं प्रत्येकाच्या झाकणावर चिठ्ठी डकवली होती. सगळ्यांत दमदार मशीनवर साडेचार तास, सगळ्यांत मरतुकड्यावर पावणेदोन. सातव्याची चिठ्ठी कोरी होती. फुटक्या मशीनची बॅटरी मोजत कोण बसणार?

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती. म्हणजे शिंपी. निदान दाखवत तरी तसंच होता.

"मुलीला कॉलेजात प्रवेश मिळालाय, ताई. सोमवारपासून सुरू. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. वर्गात प्लग नाहीत, तेव्हा बॅटरी तेवढी पुरायला हवी."

"नऊ तास? मास्तर, एवढं टिकणाऱ्या नव्या मशीनच्या किमतीत तुमची शिलाई मशीनं दोन येतील."

"म्हणून तर इकडे आलो. विद्यार्थ्यांना तुम्ही निम्म्या भावात देता म्हणे."

देत होती, आणि दुखणं तिथंच होतं. मागच्या वर्षी एक काका भाचे-पुतण्यांची नावं सांगून चार लॅपटॉप निम्म्या भावात घेऊन गेला. आठवड्याभरात ते चारही पलीकडच्या गल्लीत सुटे करून विकायला लागलेले तिनं स्वतः पाहिले. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

म्हणून ती बोलली कमी आणि बघत राहिली.

शिंप्यानं पहिलं मशीन उघडलं. स्क्रीनवर तिनं मुद्दाम लालभडक फुलांचा फोटो लावला होता. त्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. कापडाचा पोत बघावा तशी त्यानं बटणांवरून बोटं फिरवली. इअरफोनची पिन भोकात घातली, हलवून पाहिली, काढली, पुन्हा घातली. बिजागऱ्या दाबल्या. मग खिशातून फोन काढून मशीनजवळ धरला आणि बटणं बडवली.

"खडखडतंय, बाबा," फोनमधून आवाज आला. "पुढचं."

"मुलगी का?" मालकिणीनं विचारलं.

"हो."

"स्वतः नाही आली?"

"वसतिगृहाची खोली बघायला गेलीय, आईबरोबर. उद्या परत येईल."

उत्तर झटकन आलं. जरा जास्तच झटकन, असं मालकिणीला वाटलं.

दुसऱ्या मशीनची पिन सैल निघाली. तिसऱ्याच्या वेळी फोननं रॅम किती ते विचारलं, चौथ्याच्या वेळी प्रोसेसर कुठला ते. एवढे नेमके प्रश्न कॉलेजची नवखी पोर विचारते? की पलीकडच्या गल्लीतलं कुणी? सहाही मशीनं झाली. रंग कसे दिसतात, अक्षरं बारीक आहेत का, हे एकदाही कुणी विचारलं नाही. सुटे भाग विकणाऱ्याला रंगाचं काय!

शिंप्याचा हात सातव्यावर गेला. "आणि हे?"

"ते राहू द्या. आतून मशीन एक नंबर आहे, पण कुणा साहेबानं पेन आत ठेवून झाकण आपटलं. स्क्रीन काळीठिक्कर. नवी बसवायची तर मशीनपेक्षा महाग."

"आत काय काय आहे, विचारा ना," फोन म्हणाला.

मालकिणीनं नाइलाजानं सांगितलं. शिंप्यानं बटणं वाजवली.

"बाबा, हेच."

मालकीण ताठ झाली. "घरी दुसरी स्क्रीन आहे जोडायला?"

"नाही."

"टीव्ही?"

"रेडिओ आहे."

"मग मुलगी ह्याचं करणार काय? उशाला घेणार?"

शिंपी कसनुसा हसला. "तिला चालेल, ताई. ती म्हणतेय ना."

"मास्तर, पोटच्या पोरीला असलं मशीन देणारा बाप मी बघितला नाही. सुटे भाग विकणारे मात्र ढीगभर बघितलेत."

शिंप्याचा चेहरा उतरला. मोजपट्टीचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं. "तुम्ही समजता तसं नाही हो. ती…"

"बाबा, काही सांगायचं नाही," फोनमधून मध्येच आवाज आला. "मी येते उद्या."

"ये की!" मालकीण फोनकडे वळून म्हणाली. "कॉलेजचं कार्ड घेऊन ये. हे मशीन समोर घेऊन बस आणि मग हो म्हण. निम्म्याचंही निम्मं करते."

"ठरलं, काकू."

उद्या कुणी येणार नाही, ह्याची मालकिणीला खात्री होती. तरी सकाळपासून तिचं अर्धं लक्ष दाराकडेच. आलेल्या दोन गिऱ्हाइकांना तिनं सातवं मशीन दाखवलंही नाही.

अकराच्या सुमाराला शिंपी आला. मागोमाग, त्याचं कोपर धरून, मुलगी. गळ्यात कार्ड होतं. मालकिणीनं ते उलटसुलट करून तपासलं. शिक्का खरा होता, फोटो तिचाच होता.

मुलीनं पांढऱ्या काठीच्या चार घड्या करून ती मांडीवर ठेवली. चाचपून इअरफोनची पिन बसवली, मशीन कानात अक्षरं वाचून दाखवू लागलं ते थोडा वेळ ऐकलं आणि तिची बोटं बटणांवरून धावू लागली. "काकू, ही स्क्रीन काढूनच टाका ना," ती म्हणाली. "उगाच ओझं. बॅटरीही खात असेल." मालकिणीनं स्क्रू सोडवले, मशीन चार्जला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोजायला घेतलं. झाकण उरलं नव्हतं, म्हणून चिठ्ठी तिनं बटणांच्या कडेला डकवली: नऊ तास चाळीस मिनिटं.