गप्प नंबर

"मॅडम, तुमच्या आत्यांच्या नंबरवरून चार अंश तापमान येतंय, आणि दार उघडं राहिल्याची सूचना," नर्स फोनवर म्हणाली. "हा कुणाचा तरी फ्रीज आहे."

हेमांगीच्या आत्याच्या हृदयातल्या यंत्राला इंटरनेटचा नंबर होता आणि त्यावरून तिचे ठोके हॉस्पिटलला कळायचे. वादळात गावचा टॉवर पडला, तो गेल्या आठवड्यात उभा राहिला. तोवर नंबर गप्प होता. गप्प नंबर बेवारस समजून दुसऱ्याला द्यायचा, हा नियम टेबलावरच्या कॉम्प्युटरांच्या काळातला. माणसांच्या अंगातल्या यंत्रांसाठी तो बदलायचा ठराव नंबर वाटणाऱ्या समितीपुढे आला, तेव्हा अध्यक्ष हेमांगीच होती. जेवणं खोळंबली होती. "इतकी वर्षं चाललंय ना? पुढच्या बैठकीत बघू," असं म्हणून ती उठली होती.

एका फोनवरून अँब्युलन्स पाठवून तिनं दुसऱ्यावरून आत्याला गाठलं.

"आत्या, बरी आहेस ना?"

"कालपासून छातीत जरा जड वाटतंय गं," आत्या म्हणाली. "पण म्हटलं, काही असतं तर हॉस्पिटलवाल्यांचा फोन आलाच असता. गप्प आहेत, म्हणजे सगळं ठीक."