तासाला अडतीस वेळा

२०२३ साली मुलानं माझ्या घोरण्याची तपासणी घरीच करायचं ठरवलं. "हिच्या घोरण्यानं घर हलतंय," असं आमचे हे लग्नापासून चारचौघांत सांगत आले. त्यापायी एकेचाळीस वर्षांत त्यांनी मला कुणाकडं मुक्कामाला राहू दिलं नाही. करमाळ्याला सख्ख्या भावाच्या लग्नातूनही मी शेवटच्या एसटीनं परत आले.

नवी पेठेतल्या दवाखान्यातून मुलगा मशीन घेऊन आला. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी. रात्रभर लावून झोपायचं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट यांच्या मोबाइलवर आला आणि यांनी तो लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकला. "घ्या! झोपेत हिचा श्वास तासाला अडतीस वेळा अडतोय. आता तरी पटलं का?"

माझ्या नणंदेनं लिहिलं, "वैनी, माझ्या दादानं लई सोसलं की हो!"

ग्रुपवर मी पहिल्यांदाच लिहिलं, "वन्सं, तुमचे दादा झोपल्यावर मी ते मशीन त्यांनाच लावलं होतं. मी रात्रभर जागीच होते."

वन्संनी त्याच दिवशी ग्रुप सोडला. मी वर्षभरात चार लग्नं मुक्काम करून गाठली. हे आता श्वासाच्या मशीनचा मास्क लावून झोपतात. परवा डॉक्टर मला म्हणाले, "आजी, तुमच्यामुळं वेळेत कळलं, म्हणून आजोबा वाचले."

त्यांचं एवढं भलं करायचं माझ्या मनात नव्हतं.