चौथा खर्डा

"आजी, हा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल," मास्तर म्हणाला आणि पानाच्या कडेला लाल रेघ ओढली.

"तिसऱ्यांदा लिहिलाय. एवढ्या वेळात तीन कोट शिवून हातावेगळे केले असते मी."

वर्गातली पोरं खुदकन हसली. चौथी शिकलेली ही शिंपीण सत्तरीला टेकल्यावर कॉलेजच्या लेखनवर्गात आली होती. वयाची अट काढल्याचं तिने पेपरात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

निबंधाचा विषय होता, 'वाचनाने माझ्या घरात काय बदललं'. तिने ठसक्यात लिहिलं होतं: आमच्या घरात वाचणारी मी एकटी. आमचे हे जन्मभर क्रेनवर बसले, घराएवढे खोके अलगद उचलले, पण अक्षरं म्हणजे त्यांना काळ्या मुंग्या. मुलगा जहाजावर. त्याचं पत्र दर रविवारी मी वाचते, हे ऐकतात.

"बाकीचं खणखणीत आहे," मास्तर म्हणाला. "शाळा सोडायला लावली म्हणून बापाशी भांडलात, ते वाचताना अंगावर काटा आला. पण हा पत्राचा भाग गुळगुळीत झालाय. इथं सगळेच सुखी. आणि मुलाची वाक्यं अगदी तुमच्यासारखी."

"माझाच आहे तो. शेजारणीसारखा बोलेल होय?"

"मग एक पत्र घेऊन या. त्यातल्या चार ओळी जशाच्या तशा घालू."

"घरातली पत्रं चव्हाट्यावर आणायची नसतात, मास्तर."

मास्तर तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने लाल पेनाला टोपण लावलं.

"बरं, पत्र राहू दे. पण ऐकणाऱ्याला काय वाटतं, ते या निबंधात कुठंच नाही. आजोबांना विचारा. ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. सोमवारी शेवटचा खर्डा. तो अपुरा राहिला तर पुढच्या सत्रात तुम्हाला घेता येणार नाही, आजी. माझ्या हातात नाही ते."

घरी जाताना ती मास्तरच्या नावाने बोटं मोडत गेली. पण मनात धाकधूक होती. इतक्या वर्षांनी बाक मिळाला होता. तो सुटला असता तर पुन्हा कोण देणार होतं?

रविवारी दुपारी म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला. कंबर गेल्यापासून तीच त्याची क्रेन. तिने शिलाई मशीनच्या खणातून पाकीट काढलं, कागद चेहऱ्यासमोर धरला आणि एकदाही न अडखळता वाचलं. समुद्र शांत आहे. जेवण बरं मिळतं, पण आईच्या हातचं ते आईच्या हातचं. बाबांनी कंबरेला शेक घ्यावा, हट्ट करू नये. यंदाही रजा मिळेलसं वाटत नाही.

म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. "त्याला लिही," तो म्हणाला, "रजेची घाई नाही."

तिने कागद घडी करून पाकिटात सारला आणि वही उघडली.

"अहो, मास्तरने विचारलंय. मी पत्र वाचते तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

"छान वाटतं."

"छान वाटतं हे पोराटोरांनी लिहावं. नीट सांगा. नाहीतर वर्गातून माझं नाव काढतील."

"मी सांगेन ते लिहिशील?"

"शब्दन् शब्द."

"खोडणार नाहीस ना?"

"खोडायला तो मास्तर आहे. बोला."

म्हाताऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मग लिही. पाच वर्षं झाली. तू अस्तराचं कापड आणायला गेली होतीस, तेव्हा कंपनीचा माणूस दारात आला. जहाज बुडालं म्हणाला. आपला पोरगा गेला म्हणाला. मला ते तुला तोंडाने सांगवेना. मी त्याला म्हटलं, कागदावर लिहून पाठवा, आमच्या घरात बायकोच वाचते. आठवड्याने कागद आला. माझ्यासमोर उघडलास तू. किती तरी वेळ नुसती बघत राहिलीस, आणि मग मोठ्याने वाचलंस, 'बाबा, मी मजेत आहे.'"