रमाबाईचं मत

दुपारी कॉलेजातली सुनेत्रा परळच्या चाळीचा दुसरा मजला चढून आली, तेव्हा रमाबाई दारात बसून मुलाच्या लष्करी सदऱ्याचं बटण शिवत होती. दौलतची रजा संपली होती. उद्या तो पलटणीत परतणार होता आणि तिथून युनोच्या शांतिसेनेत, जहाजानं इजिप्तला.

"मावशी, एका पेपरासाठी लोकांचं मत विचारतेय. एकच प्रश्न आहे."

"मागं त्यांनीच छापलं ना, मुंबईत निम्म्या लोकांना संयुक्त महाराष्ट्र नको म्हणून?" आत बूट पॉलिश करणारा दौलत हसला. "ते निम्मे राहतात कुठं, ते विचार गं आये. आमच्या चाळीत तर कुणी फिरकलं नव्हतं."

सुनेत्रा ओशाळली. "म्हणून तर या खेपेला आम्ही चाळीतून फिरतोय," ती म्हणाली आणि कागदावरून वाचू लागली. "आपली फौज परदेशी पाठवावी का? हो की नाही?"

रमाबाईचा हात थांबला. गिरणीची घरघर कुठंतरी लांब गेली. गॅलरीतल्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली बसत नव्हते, उडूनही जात नव्हते. दौलतनं सांगितलेली इजिप्तची वाळू ती हीच, असं तिला वाटलं. त्या वाळूतून कुणी पाठमोरं चाललं होतं. ती हाक मारत होती. तिकडं हाक पोचत नव्हती.

आतला ब्रशचा आवाजही बंद झाला होता.

"हो," रमाबाई म्हणाली. "पाठवावी."

"शाब्बास, आये!" ब्रश पुन्हा चालू झाला.

सुनेत्रानं कागदावर 'हो'पुढं खूण केली, नमस्कार केला आणि ती निघाली. जिन्याच्या वळणावर तिला मागून अनवाणी पावलं ऐकू आली.

"पोरी," रमाबाई हळूच म्हणाली, "ती खूण खोडता येती का गं?"

"येते की. 'नाही'वर करू?"

रमाबाईनं पदर तोंडाशी धरला. वरून दौलतची शीळ ऐकू येत होती. सुनेत्रानं पेन उघडलं.

"घाबरू नका, मावशी. नाव छापत नाहीत. कुणाला कळायचं नाही."

रमाबाईनं तिचा हात घट्ट धरला.

"नको. राहू दे. जहाजावरबी पेपर येत असंल. 'नाही'चा आकडा त्याला दिसंल."