हिरवं बटन

हिरवं बटन प्राचीनं दाबलं. थर्माकोलच्या मॉडेलवर पहिल्या चेतापेशीतला पिवळा दिवा लागला, दुसरीतला लागलाच नाही. तिनं बटन सोडलं, तर पहिला विझेना. लाल बटन दाबून विझवला, पुन्हा हिरवं दाबलं. पुन्हा तेच. आणि परीक्षक मॅडम चार टेबलं पलीकडं, गोबरगॅसच्या मॉडेलपाशी येऊन पोचल्या होत्या.

थर्माकोलच्या वर पाटी होती. तिनंच रंगवलेली, ठळक अक्षरांत : 'एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला'.

तिनं थर्माकोल उचलून मागं डोकावलं. पहिल्या पेशीतून निघालेली तांबडी वायर दुसरीकडं गेलीच नव्हती. वळसा घालून ती पुन्हा पहिल्याच पेशीला येऊन भिडली होती. जोडणी मात्र अशी देखणी, की कुणी मुद्दाम केली असावी.

मुद्दामच केली होती, आप्पांनी. तिच्या वडिलांचं आळेफाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. काल संध्याकाळी त्यांनी बटनं, वायरी सगळं बसवून दिलं, तेवढ्यात भारनियमनात लाईट गेली आणि तपासायचं राहून गेलं. आज ते दुकानाला कुलूप लावून आळ्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन बघायला आले होते, आणि हॉलच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की पोरीच्या मेंदूचं वायरिंग आपलं.

मॅडमना कळलं तर आप्पांना कळणार. आप्पांना कळता कामा नये. आप्पांना कळता कामा नये. एकदा सुरू झालेलं ते वाक्य प्राचीच्या डोक्यात थांबायलाच तयार नव्हतं.

शेजारच्या टेबलावरची हर्षाली, तिच्याच वर्गातली, मान वाकडी करून बघत होती. "तुझ्या पेशीला शेजारधर्मच नाय गं," ती म्हणाली.

वायर सोडवून दुसरीकडं न्यायची, तर टेस्टर हवा. टेस्टर आप्पांच्या खिशात. मागायचा, तर कशाला ते सांगावं लागणार.

मॅडम आल्या. जुन्नरहून आलेल्या, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या. पांढरा अंबाडा, हातात गुणांचा कागद. त्यांच्या मागोमाग आप्पाही आले, सगळ्यांना वाट द्या म्हणत.

"दाखव बघू."

प्राचीनं बटन दाबलं आणि दाबूनच धरलं. सोडलं की विझत नाही ते दिसेल. अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

"दुसरा दिवा?"

"मॅडम, माझंच चुकलं. मीच वायर उलटी सांगितली."

"ती कशाला चुकंल?" आप्पा मधेच म्हणाले. "जोडणी माझी हाय, बाई."

मग ते समजावूनच सांगू लागले. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला असंच करतात. माणूस हिरवं बटन दाबतो आणि निघून जातो. स्टार्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, म्हणून मोटार चालत राहते. नायतर बटनाला बोट लावून विहिरीवर दिवसभर उभं राहायचं का शेतकऱ्यानं? दोघं-तिघं हसले. आप्पाही हसले आणि हसता हसता त्यांची नजर वर पाटीवर गेली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली. मग दुसऱ्या, विझलेल्या दिव्याकडं पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हर्षालीनं वळून त्याच्याकडं असं बघितलं, की तो गप्प झाला.

मॅडमनी थर्माकोलच्या मागं वाकून तांबड्या वायरीवरून सावकाश बोट फिरवलं. "अशी पेशी असते," त्या म्हणाल्या.

मेंदूत काही पेशींचा तंतू इतरांकडं जातो आणि वळून स्वतःलाही जोडला जातो, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या पुस्तकात ते नाही. अशी पेशी आपलाच निरोप आपल्यालाच देत असते. काही त्यानं चालू राहतात, काही त्यानंच थांबतात. कशासाठी, ते अजून शोधणं चाललंय.

"पण पाटी खोटी आहे," त्या प्राचीला म्हणाल्या. "जे केलंय तेच लिही आणि नीट समजावून सांग. दुपारी परत येते. गुण तेव्हाच देईन." कागदावर काहीच न लिहिता त्या पुढच्या टेबलाकडं गेल्या.

हर्षालीनं न मागताच स्केचपेन पुढं केला. प्राचीनं तो घेतला नाही. आप्पांना कळलं होतं, सगळ्या हॉलला कळलं होतं, तरी तिच्या डोक्यात तेच वाक्य गरगरत होतं आणि अंगठा बटनावर तसाच रुतलेला होता.

आप्पांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली. टेबलावर वाकून ते हळूच म्हणाले, "प्राचे, बोट काढ आता. नाय विझायचा तो."